मुष्टियुद्धातील बचाव : शिक्षण व सराव

प्रतिस्पर्ध्याचा ठोसा पूर्ण जोराने बसू न देता स्वतःचा तोल आणि प्रत्युत्तराची संधी टिकवून ठेवण्याच्या कौशल्याला मुष्टियुद्धातील बचाव म्हणतात. या व्याख्येचा उत्तरार्ध नवशिक्यांकडून हमखास विसरला जातो. हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांत दोन्ही हातांनी तोंड झाकून नुसते निष्क्रिय राहणे, पाठ फिरवणे किंवा ठोसा चुकवण्यासाठी मुद्दाम खाली पडणे हे सारे नियमभंगात मोडते. कमरपट्ट्याच्या खाली धोकादायक रीतीने वाकणेही निषिद्ध आहे.

शिक्षणाची सुरुवात पवित्र्यापासून होते. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पाय पुढे असतो, हनुवटी छातीकडे झुकलेली असते, मुठी गालांपाशी आणि कोपरे बरगड्यांलगत असतात. या स्थितीला गार्ड म्हणतात. ठोसा हातमोज्यावर, दंडावर किंवा कोपरावर झेलणे म्हणजे ब्लॉक, तळहाताने त्याची दिशा हलकेच बदलणे म्हणजे पॅरी, डोके बाजूला घेऊन सरळ ठोसा खांद्यावरून जाऊ देणे म्हणजे स्लिप आणि गुडघे वाकवून हुकच्या (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाच्या) खालून निघणे म्हणजे डक. यांतील वाकण्याच्या क्रिया कमरेतून केल्यास नजर जमिनीकडे जाते आणि अपरकटला (खालून वर मारलेल्या ठोशाला) चेहरा आयता सापडतो. म्हणून शिक्षक गुडघ्यांवर इतका भर देतात. मात्र सर्वांत भरवशाचा बचाव पावलांचाच असतो, कारण अर्धे पाऊल मागे किंवा बाजूला सरकलेल्या खेळाडूला पुढचे काही करावेच लागत नाही.

डोळ्यांनी पाहून शरीराने प्रतिसाद द्यायला सुमारे 0.2 सेकंद लागतात आणि जवळून आलेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) साधारण तेवढ्याच वेळात पोहोचतो. त्यामुळे मुठीकडे पाहणारा खेळाडू उशिराच हलतो. नजर छातीवर व खांद्यांवर ठेवून ठोशाची पूर्वसूचना वाचावी लागते आणि हे वाचन जोडीदाराशिवाय येत नाही, कारण ठोशांच्या सरावाची टांगलेली बॅग उलट ठोसा मारत नाही. आरशासमोर शॅडो बॉक्सिंग (समोर प्रतिस्पर्धी आहे असे मानून हवेत ठोसे मारणे), आडव्या ताणलेल्या दोरीखालून चालणे, मग जोडीदाराचा आधी ठरवलेला एकच संथ ठोसा चुकवणे, आणि पुष्कळ काळानंतर मोकळे स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत), हा क्रम घाईने उरकला तर मुले डोळे मिटायला शिकतात. एकदा जडलेली ही सवय मोडणे फार अवघड जाते.

गोव्यात 2023 मध्ये झालेल्या 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मुष्टियुद्धाचा समावेश होता. येथील सरावाला हवामानाचा विचार करावाच लागतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या वाळत नाहीत आणि लादीवर ओल धरते, म्हणून पावलांचा सराव त्या दिवसांत कोरड्या चटईवर घेणे इष्ट. मिरामारसारख्या किनाऱ्यावर वाळूत धावल्याने पोटऱ्या बळकट होतात, पण टाचेवर जोर येऊन पाय रुततो. त्यामुळे ते धावणे रिंगमधील फुटवर्कची (पावलांच्या हालचालींची) जागा घेऊ शकत नाही. सूचनांची भाषा येथे स्वभावतःच मिश्र असते आणि ‘हात वयर’ (हात वर) ही कोकणी हाक मराठी घरातल्या मुलालाही लगेच कळते.

रिंगच्या दोरांना टेकून ठोसे झेलण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासा येथे घडले. तेथे मुहम्मद अली यांनी जॉर्ज फोरमन यांना दमवून आठव्या फेरीत नॉकआउट केले. नवशिक्यांनी त्याचे अनुकरण करू नये, कारण चुकलेल्या झेलण्याची किंमत मेंदूला मोजावी लागते. हेडगार्डमुळे (डोक्याच्या संरक्षक आवरणामुळे) जखमा व खरचटणे कमी होते, पण डोके झटक्याने फिरल्याने मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष खेळाडू हेडगार्डविना उतरले होते. स्पॅरिंगमध्ये गरगरल्यासारखे वाटलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा रिंगमध्ये उतरवू नये आणि वैद्यकीय तपासणी होईपर्यंत त्याचा डोक्यावर ठोसे घेण्याचा सराव बंद ठेवावा.