द्विफुंग्सी (इंडोनेशिया)

सैन्याला देशरक्षणाबरोबर राजकारणातही हक्काची जागा देणारा इंडोनेशियाचा लष्करी सिद्धान्त. 'द्वि' संस्कृतातला, 'फुंग्सी' डचमधून आलेला. अर्थ, दुहेरी कार्य. बीज तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल नासुतियोन यांच्या १९५८ च्या मागेलांग येथील भाषणात आहे. सैन्याने सत्ता बळकावू नये, पण राजकारणापासून अगदी अलिप्तही राहू नये, असा 'मधला मार्ग' त्यांनी सुचवला. सुहार्तोंच्या राजवटीत (१९६६–९८) त्यातला पहिला भाग गळून पडला. सेवेतले अधिकारी राज्यपाल, जिल्हाप्रमुख, राजदूत झाले. १९८७ पासून संसदेच्या ५०० पैकी १०० जागा निवडणुकीविना सैन्याकडे गेल्या.

तरी खरी पकड गावात होती. नागरी प्रशासनाला समांतर लष्करी उतरंड प्रांतापासून थेट खेड्यापर्यंत पोचते आणि तिच्या तळाशी 'बाबिन्सा' हा कनिष्ठ हुद्द्याचा सैनिक असतो. गावात नवा कोण आला, बैठक कुठे भरली, निवडणुकीत कोण कुणाच्या बाजूने बोलतो, यावर सुहार्तोंच्या काळात त्याची नजर असे. संसदेतल्या जागांपेक्षा लोकांना धाक होता तो याचा.

१९९८ नंतर पोलीस दल सैन्यापासून वेगळे झाले, २००४ मध्ये संसदेतल्या राखीव जागा संपल्या. ही मोठीच कमाई होती. गावची उतरंड मात्र हलली नाही. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० मध्ये माजी सैन्यप्रमुख जनरल विरांतोंना मंत्रिमंडळातून काढण्याचे धैर्य दाखवले. पण जुलै २००१ मध्ये त्यांनी संसद बरखास्तीचा हुकूम काढला, तेव्हा सैन्याने तो मानला नाही. चिलखती गाड्यांच्या तोफा राजवाड्याकडे वळल्या. वाहिद यांचा तो हुकूम घटनाबाह्यच होता. तरीही त्यांना पदावरून दूर करण्याचा सभागृहाचा निर्णय तोफांच्या छायेत व्हावा, हे लोकशाहीला घातक होते. पदच्युत वाहिद त्या रात्री अर्ध्या चड्डीत राजवाड्याच्या ओसरीवर येऊन समर्थकांना हात हलवत राहिले.

२००४ च्या कायद्याने सेवेतल्या सैनिकांना दहा नागरी खाती-संस्थांतच पदे खुली ठेवली. मार्च २०२५ मध्ये, निवृत्त लेफ्टनंट जनरल प्राबोवो सुबियांतो राष्ट्राध्यक्ष असताना, ही संख्या चौदा झाली. 'द्विफुंग्सी परत येतेय' म्हणत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. राज्यसत्तेच्या अत्याचारांत बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक तर २००७ पासूनच काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या उघडून दर गुरुवारी जकार्तात राजवाड्यासमोर उभे राहत आले आहेत.