टाळूवरचा उंचवटा आणि मंगळवेढ्याचा ‘ळ’

टाळूच्या मधोमध काहीतरी टणक जिभेला लागलं, की पहिला विचार कर्करोगाचा येतो. मिशरी, मावा, तंबाखू कित्येक घरांत असलेल्या सोलापुरात तर येतोच. पण बरोबर मध्यरेषेवरचा, दगडासारखा कडक, न दुखणारा असा हा उंचवटा बहुतेक वेळा नुसतं जास्तीचं हाड असतं. दंतवैद्य त्याला ‘टोरस’ म्हणतात. बायकांमध्ये तो जास्त दिसतो, वर्षानुवर्षं फार सावकाश वाढतो आणि त्याचा कर्करोग होत नाही. त्याच्यावरचं आवरण पातळ असतं. कडक भाकरीचा कोपरा लागून ते सोलवटलं, की कित्येकांना त्याचा पत्ता लागतो. बहुधा कवळी नीट बसत नसेल तरच तो काढायची वेळ येते. मात्र पांढरा किंवा लाल चट्टा, वाढत जाणारी गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर वाट पाहू नका, तपासून घ्या.

टोरस हा एकच फरक नाही. कुणाचा टाळू उंच आणि अरुंद, कुणाचा सपाट आणि रुंद. दातांची कमान कुणाची गोलसर, कुणाची पुढे निमुळती, कुणाची चौकोनी. साधारण पाचातल्या एकाला निदान एक तरी अक्कलदाढ नसतेच, आणि त्यात काही बिघडत नाही. आकार बराचसा आनुवंशिक असतो, पण सवयींचाही हात लागतो. वयाची चार-पाच वर्षं उलटूनही अंगठा चोखणाऱ्या मुलाची वरची कमान अरुंद होऊ शकते. टाळूच्या दोन्ही बाजूंची हाडं मधल्या शिवणीवर जुळलेली असतात. वयात येईपर्यंत ही शिवण पक्की झालेली नसते, म्हणून अरुंद टाळू उपकरणाने रुंद करणं लहानपणी सोपं जातं. पुढे अवघड.

मला सगळ्यात नवल वाटतं ते जिभेचं. ‘मंगळवेढा’ म्हणून पाहा. ‘ळ’ आणि ‘ढ’ला जिभेचं टोक वर वळून टाळूला लागतं. हा ‘ळ’ मराठीत आहे, कन्नडमध्ये आहे, तेलुगूतही आहे, आणि सोलापुरात तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. उंच टाळूचा माणूस आणि सपाट टाळूचा माणूस, दोघांचाही ‘ळ’ आपल्याला सारखाच ऐकू येतो, कारण प्रत्येकाची जीभ लहानपणीच आपापल्या टाळूचं माप घेते. तरी बारीकसा फरक उरतोच. २०१९ साली संशोधकांनी खऱ्या माणसांच्या टाळूंचे आकार संगणकातल्या नमुन्यांना देऊन त्यांना स्वर शिकवले. नमुन्यांच्या एका पिढीकडून दुसरीकडे स्वर जाताना तो फरक वाढत गेला.

दुभंगलेल्या टाळूपुढे मात्र जिभेची ही हुशारी पुरत नाही. हवा नाकावाटे निसटते, आणि ‘प’, ‘ट’, ‘क’ यांना जोरच मिळत नाही. गर्भात टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास ते जिभेच्या वर उचलले जातात आणि बाराव्यापर्यंत मध्यभागी जुळतात. हे जुळणं राहिलं, की टाळूत फट राहते. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो.

आणि आपल्याकडे अजूनही त्या आईला विचारतात, ग्रहणात विळीवर भाजी चिरली होतीस का? हा प्रश्न क्रूर आहे. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आनुवंशिकता, आईचं किंवा घरातल्यांचं धूम्रपान, काही औषधं, फॉलिक अॅसिडची कमतरता अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा असू शकतो, आणि पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतच नाही. विचारायचंच असेल तर बाळाला दूध नीट ओढता येतंय का, कानाची तपासणी झाली का, हे विचारावं. टाळूची शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात, बोलणं पक्कं होण्याआधी करतात. त्यानंतर बऱ्याच मुलांना वाचाउपचार लागतात, ते मध्येच सोडू नयेत.