वंश की धर्म? अमेरिकी विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या सुरक्षेमागचा गुंता

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये, तिथल्या विद्यापीठाच्या कोशेर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) भोजनगृहात गोळीबार करू अशा धमक्या ऑनलाइन झळकल्या. दाराशी पोलीस आले, एका दिवसाचे वर्ग रद्द झाले. धमकी देणारा तिथलाच विद्यार्थी निघाला. पुढे त्याला २१ महिन्यांची कैद झाली. असल्या प्रकरणात कायदा अडखळत नाही. तो अडखळतो घोषणा, फलक, आवारातले निदर्शकांचे तंबू आणि वर्गातल्या टोमण्यांपाशी.

१९२० च्या दशकात नामांकित विद्यापीठांनी ज्यूंचा टक्का रोखायला 'चारित्र्या'ची चाळणी लावली होती, हे जुनं झालं. आजचा गुंता १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून सुरू होतो. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेत वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्र यांवरून भेदभाव चालणार नाही, असं त्याचं सहावं प्रकरण सांगतं. या यादीत धर्म नाही. त्यामुळे ज्यू विद्यार्थ्याची तक्रार बरीच वर्षं 'हा धर्माचा मामला' म्हणून बाजूला पडायची. २००४ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याच्या एका पत्राने वाट काढली: समान वांशिक ओळख असलेल्या गटाचा धर्मही एक असला, म्हणून त्याचं संरक्षण जात नाही. तीच वाट शिखांना मिळाली, आणि पुढे खात्याने हिंदू विद्यार्थ्यांचाही उल्लेख केला. तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांना हे बहुधा ठाऊक नसतं.

खरा वाद व्याख्येचा. ज्यूद्वेष म्हणजे काय, याची एक कामचलाऊ व्याख्या २००५ मध्ये युरोपात तयार झाली, ती घटनांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी. २०१६ मध्ये ज्यू वंशसंहाराच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बुखारेस्टच्या बैठकीत ती थोड्या फरकाने, पण 'कायदेशीर बंधन नाही' असं स्पष्ट लिहून स्वीकारली गेली. सोबत ११ उदाहरणं आहेत आणि त्यांतली बहुतेक इस्रायलशी निगडित. डिसेंबर २०१९ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने तक्रारी तपासताना हीच व्याख्या विचारात घ्या, असं सांगितलं. व्याख्येचा मसुदा करणाऱ्या मुख्य लेखकानेच विरोध केला: नोंदीसाठी केलेली फूटपट्टी विद्यापीठातल्या बोलण्यावर चालवू नका. समर्थकांचं म्हणणं, व्याख्याच नसेल तर प्रशासन प्रत्येक वेळी खांदे उडवून मोकळं होतं. या म्हणण्यात तथ्य आहे. पण इस्रायलच्या धोरणाविरुद्ध तंबूत बसलेल्यांत ज्यू मुलंही होती. त्यांना या फूटपट्टीने कसं मोजायचं, याचं उत्तर समर्थकांकडून नीट आलं नाही.

डिसेंबर २०२३ च्या संसदीय सुनावणीत तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना थेट विचारलं गेलं: ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं नियमभंग आहे का? 'संदर्भावर अवलंबून' या धाटणीची उत्तरं आली आणि महिन्याभरात दोघींची पदं गेली. मे २०२४ मध्ये ही व्याख्या कायद्यात आणणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात ३२० विरुद्ध ९१ मतांनी संमत झालं, सिनेटमध्ये मात्र अडकलं.

मग सरकारने शस्त्र बदललं: कायद्याऐवजी अनुदान रोखणं. मार्च २०२५ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका विद्यापीठाचे सुमारे ४० कोटी डॉलर रोखले गेले. जुलैमध्ये विद्यापीठाने व्याख्या स्वीकारली आणि तडजोड झाली: २० कोटी सरकारला आणि २ कोटी १० लाख ज्यू कर्मचाऱ्यांच्या तक्रारींपोटी. विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला एक जादा संपर्क अधिकारी.