नळी दोघांनाही, झडप एकालाच: अहमद आणि बेअरवेल्ट

‘डोळ्यात व्हॉल्व्ह बसवायचा आहे’ असं काचबिंदू झालेल्या मुलांच्या आईवडिलांच्या कानावर येतं, पण बसवल्या जाणाऱ्या वस्तूत व्हॉल्व्ह असेलच असं नाही. अहमद आणि बेअरवेल्ट ही डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या दोन उपकरणांची नावं; दोघांनाही बोलताना सर्रास व्हॉल्व्ह म्हटलं जातं. खरी झडप फक्त अहमदला असते.

लहान मुलांच्या काचबिंदूत गोनिओटॉमी किंवा ट्रॅबेक्युलोटॉमी (डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याची वाट मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया) करूनही दाब उतरत नसेल, किंवा जन्मजात मोतीबिंदू काढल्यानंतर काचबिंदू झाला असेल, तर बऱ्याचदा नळीची पाळी येते. सिलिकॉनची बारीक नळी डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत, ते निराळे) डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या पापणीआड शिवलेल्या प्लेटपर्यंत नेते आणि तिथून ते शोषलं जातं. इथवर दोघांत काही फरक नाही.

अहमदमध्ये नळी प्लेटला मिळते तिथे सिलिकॉनचे पातळ पापुद्रे ताणून बसवलेले असतात. दाब साधारण 8 ते 12 मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की ते उघडावेत, खाली आला की मिटावेत, अशी रचना. त्यामुळे पाणी पहिल्या दिवसापासून वाहतं. मात्र बसवण्याआधी नळीत सलाईन सोडून चिकटलेले पापुद्रे सुटे करावे लागतात. ते राहून गेलं तर झडप उघडतच नाही.

बेअरवेल्टची नळी सताड उघडी. तशीच सोडली तर डोळा पिचकेल, म्हणून ती विरघळणाऱ्या धाग्याने आवळतात. धागा सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात. तेवढ्यात शरीर प्लेटभोवती स्वतःच एक आवरण विणतं आणि पुढे तेच प्रवाहाला आवर घालतं. तोवर दाब औषधांनी सांभाळायचा; थोडं पाणी झिरपावं म्हणून काही सर्जन नळीला बारीक चिराही देतात. दाब फारच चढलेला असेल, तर हे थांबणं परवडत नाही आणि अहमदचं पारडं जड होतं.

मग बेअरवेल्ट का निवडतात? प्लेट मोठी असते: 250 किंवा 350 चौरस मिलिमीटर, तर अहमदची नेहमीची 184. प्रौढ रुग्णांत दोन्हींची तुलना केली तेव्हा बेअरवेल्टने पुढे दाब अधिक खाली ठेवला, पण दाब अतिशय उतरण्याचा धोकाही त्यातच जास्त दिसला. हे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. मुलांचं शरीर जखम जोमाने भरतं. प्लेटभोवतीचं आवरण जाड होतं आणि, विशेषतः अहमदनंतर, काही आठवड्यांनी दाब पुन्हा चढतो. उलट धागा सुटल्यावर दाब एकदम कोसळला, तरी तान्हं मूल काही सांगू शकत नाही.

वाढत्या, ताणल्या जाणाऱ्या डोळ्यात दोन्हींची नळी सरकू शकते. ती पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) घासली तर ते धूसर होतं, आणि तिच्यावरचा डोळ्याचा पातळ पापुद्रा झिजून नळी उघडी पडली तर जंतुसंसर्गाला वाट मिळते. म्हणूनच भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना एवढं तरी विचारावं: नळी बांधली आहे का, आणि धागा साधारण कधी सुटेल?