आनुवंशिक त्वचारोग आणि त्यामागची जीन्स

आईबापाकडून आलेल्या एखाद्या जीनमधल्या (म्हणजे शरीर कसं घडवायचं याची सूचना असलेल्या डीएनएच्या तुकड्यामधल्या) बिघाडामुळं होणारे कातडीचे आजार म्हणजे आनुवंशिक त्वचारोग. हे कुणाला लागत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अजूनही अशा पोराला शेजारपाजारचे जवळ घेत नाहीत. पूर्वी डॉक्टर कातडी बघून आजाराचं नाव सांगायचे, आता जीन बघून सांगतात, आणि त्यातनंच कळलं की दिसायला सारखे असलेले आजार घराण्यात वेगवेगळ्या वाटांनी उतरतात.

इक्थिओसिसचंच बघा. कातडी कोरडी, खवले धरलेली, थंडीत जास्तच. यातला नेहमी दिसणारा प्रकार फिलाग्रिन नावाच्या प्रोटीनचं जीन बिघडल्यानं होतो, हे 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या टीमनं शोधलं, आणि याच बिघाडामुळं एक्झिमाचा धोकाही वाढतो हेही त्याच वर्षी कळलं. पण साधारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात दोष एक्स क्रोमोसोमवर असतो, तो जवळपास फक्त मुलग्यांना होतो, आणि आई वाहक असली तरी तिच्या कातडीवर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. इक्थिओसिसचाच लॅमेलर प्रकार तर आई आणि बाप दोघांकडून त्या जीनची बिघडलेली कॉपी आली तरच होतो. आता कोल्हापूर भागात मामाची पोरगी करायची पद्धत जुनी, त्यामुळं तीच बिघडलेली कॉपी नवराबायको दोघांकडं असायची शक्यता वाढते, आणि मग प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका (पहिल्याला झालं म्हणजे दुसरं सुटलं, असा हिशेब इथं चालत नाही).

फोड येणारा आजार म्हणजे एपिडर्मोलायसिस बुलोसा. नवी कोल्हापुरी चप्पल सगळ्यांनाच चावते, पण याच्या सौम्य प्रकारात थोडं चाललं तरी तळव्याला फोड येतात, एप्रिल-मेच्या उन्हात तर लईच. त्यामागं केराटिन 5 आणि 14 या कातडीला बळकटी देणाऱ्या प्रोटीनची जीन्स आहेत, ती 1991-92 च्या सुमाराला सापडली. एका गंभीर प्रकारात कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणाऱ्या कोलॅजन 7 या प्रोटीनचं जीन बिघडतं, आणि तेच चांगलं जीन एका निरुपद्रवी केलेल्या हर्पिस व्हायरसमध्ये घालून जखमेवर लावायचं जेल अमेरिकेत 2023 साली मंजूर झालं. किंमत मात्र आपल्याकडच्या माणसाच्या आवाक्याबाहेरची.

कोड मात्र या रांगेत बसत नाही. त्यात अनेक जीन्सचा थोडाथोडा वाटा असतो, एका जीनचा खेळ नाही, त्यामुळं कोडावरनं स्थळ मोडणाऱ्यांना जेनेटिक्सचा आधार काही मिळत नाही.

टेस्टसाठी थोडं रक्त पुरतं, एकाच वेळी शेकडो जीन्स वाचता येतात. अडचण रिपोर्टची, कारण कधीकधी बदल सापडतो पण तो दोषी आहे की नुसताच वेगळा, हे लॅबलाही सांगता येत नाही, मग आईबापाचं रक्तही तपासावं लागतं. पुढच्या बाळाची गर्भात तपासणी करायची असेल तर घरातल्या आजारी पोराचा नेमका बिघाड आधी माहीत पाहिजे, म्हणून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवून ही टेस्ट दिवस राहायच्या आधीच उरकलेली बरी.