बोअर तोच, स्ट्रोक तोच, तरी पिस्टन बसत का नाही? जुन्या इंजिनांच्या पार्टमागचा इतिहास

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या नादाला लागलं की 52 बाय 58 हा आकडा कधी ना कधी समोर येतोच. बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास 52 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल 58 मिमी, म्हणजे सव्वाशेला थोडं कमी, 123 सीसी. बीएसए बॅन्टमचा हाच आकडा, यामाहाची पहिली गाडी वायए-1 1955 ला आली तिचाही हाच, रशियन मॉस्क्वाचा हाच, हार्ले डेव्हिडसनने 1948 च्या मॉडेलला जी छोटी सव्वाशे सीसी काढली तिचाही जवळपास हाच. मग नवीन माणसाला साहजिकच वाटतं की एकाचा पिस्टन दुसऱ्याला चालेल, निदान रिंगा तरी चालतील, आणि तो कुठून तरी एक पिस्टन मिळवतो आणि तिथून खरी गडबड सुरू होते.

हे सगळे आकडे सारखे का, तर या सगळ्यांचं मूळ एकच, जर्मनीतली डीकेडब्ल्यू आरटी 125, जी 1939 ला आली. युद्ध हरल्यावर जर्मन डिझाइनं विजेत्यांच्या हातात गेली. रशियाने त्यावरून गाडी बनवली, ब्रिटनमध्ये बीएसएने 1948 ला बॅन्टम आणली, अमेरिकेत हार्लेने, आणि पुढे यामाहानेही तिच्यावरूनच सुरुवात केली. पण बीएसएने काय केलं, अख्खं इंजिन आरशात बघितल्यासारखं उलटं काढलं, कारण ब्रिटिश माणसाला गिअर उजव्या पायाला लागायचा. वर मिमीचं ड्रॉइंग इंचात आणलं. तिथेच नातं तुटलं. दिसायला सख्खी भावंडं, पण एकाचं हाड दुसऱ्याला लागत नाही. शिवाय बॅन्टम पुढे 148 सीसी झाली, मग 172 झाली, म्हणजे नुसतं "बॅन्टमचा पिस्टन द्या" म्हणून भागतच नाही, कुठली बॅन्टम ते सांगावं लागतं.

पिस्टन बसतो म्हणजे नेमकं काय काय जुळावं लागतं तेही इथेच सांगतो. बोअर ही फक्त पहिली गोष्ट झाली. गजन पिनची, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनची जाडी, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची, खाली स्कर्टची म्हणजे पिस्टनच्या खालच्या भिंतीची लांबी, आणि टू-स्ट्रोक असेल तर रिंगेच्या टोकांमधली पिन कुठे आहे ते, कारण ती पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू येण्याजाण्याच्या खिडकीसमोर आली तर रिंगेचं टोक खिडकीत अडकून मोडतं. पिन ते डोकं ही उंची दोन मिमीने कमी निघाली तर गाडी चालू होते पण कॉम्प्रेशन पडतं, पोर्ट उघडायची वेळ बदलते आणि माणूस महिनाभर कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. म्हणून मी तरी जुना पिस्टन फुटलेला असला तरी कधी टाकत नाही, मोजायला तोच लागतो.

आता आट्यांचं बघू, माझ्या मते सगळ्यात जास्त इंजिनं आट्यांच्या घोळातच खराब झालीयत. 1841 ला जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनियरने पहिल्यांदा आट्यांचं एक ठराविक माप मांडलं, 55 अंशाचा कोन, टोकं गोलसर. त्याआधी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेलच असं काही नव्हतं. मग 1864 ला अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंशाचा कोन आणला कारण तो पाडायला सोपा. इकडे ब्रिटनमध्ये सायकलवाल्यांनी स्वतःचे बारीक आटे काढले, कोन 60 अंश पण बहुतेक साईझना इंचाला 26 आटे, आणि बरेचसे ब्रिटिश मोटरसायकल कारखाने मुळात सायकलचे असल्यामुळे तेच आटे थेट इंजिनात घुसले. त्यात भर म्हणून बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) हा बारीक व्हिटवर्थ, 55 अंशाचा. आता पाव इंची बोल्ट घ्या, सायकल आट्याचा पण इंचाला 26 आणि बीएसएफचा पण इंचाला 26, फरक फक्त कोनाचा. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी, लावला तर दोन्हीवर बसल्यासारखाच वाटतो.

याच्याही वरची फसवणूक म्हणजे एम6 हा मेट्रिक बोल्ट. तो 6 मिमीचा, पिच 1 मिमी, म्हणजे इंचाला साधारण 25.4 आटे. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. म्हणजे इंचाला 26 आटे असलेल्या पाव इंची भोकात एम6 बोल्ट हाताने मस्त फिरत जातो, किंचित ढिला वाटतो एवढंच. मी पण एकदा कव्हरचा एक स्क्रू हरवला म्हणून एम6 लावला होता, छान गेला आत, शेवटचा पाव फेरा पान्ह्याने आवळला आणि अॅल्युमिनियमच्या इंजिन केसमधले आटे स्प्रिंगसारखे गुंडाळून बाहेर आले. ते बघताना पोटात जे होतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. नंतर तिथे इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारा तुकडा, बसवून घ्यावा लागला.

दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण फार मोठ्या पातळीवर आली, रोल्स रॉइसचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवायला लागली तेव्हा तिला ब्रिटिश आटे जसेच्या तसे पाडावे लागले, कारण पार्ट दोन्हीकडचे एकमेकांना लागले पाहिजेत. या सगळ्या त्रासातून 1948 ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे ठरवले, 60 अंशाचे. पण मोटरसायकल कारखाने लगेच बदलले नाहीत, जुन्या मशिनी, आटे पाडायचे जुने टॅप, सगळं फेकायला पैसे कोण घालणार. ट्रायम्फने हळूहळू बदल केला, 1960 च्या दशकाच्या शेवटी शेवटी, आणि त्या मधल्या वर्षांच्या इंजिनात जुने आणि नवे आटे एकाच केसमध्ये सापडतात. त्या काळातली गाडी ज्याच्याकडे आहे त्याने प्रत्येक बोल्ट काढल्या जागीच परत लावायचा, मी तर पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून त्यात बोल्ट खोचून ठेवतो.

ट्रायम्फचा विषय निघालाच आहे तर बॉनव्हिल. नाव एकच, 1959 पासून. पण सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, ज्याला लोक प्री-युनिट म्हणतात, आणि 1963 पासून दोन्ही एकाच केसमध्ये. सिलिंडर हेडचे बोल्ट मोजा, प्री-युनिटला 8, 1963 नंतरच्या 650 ला 9, आणि पुढे 1973 च्या सुमारास 750 आली तिला 10. पार्ट विचारताना कोणी "बॉनव्हिलचं हेड गॅस्केट" म्हटलं तर माझा पहिला प्रश्न हाच असतो की बोल्ट किती. अनेक जण कागदावरचं वर्ष सांगतात, आणि वर्ष कित्येकदा चुकीचं असतं, कारण साठ वर्षांत कोणी ना कोणी इंजिन बदललेलं असतं. चेसिस एका सालाची, इंजिन दुसऱ्या सालाचं. इंजिन नंबर बघावा, कागद नाही.

मग 1970 चं दशक आलं आणि ब्रिटिश कारखाने एकेक करून गेले. होंडाची सीबी 750 1969 ला आली होती, डिस्क ब्रेक, सेल्फ स्टार्ट, चार सिलिंडर, आणि ब्रिटिश कारखाने अजून जुन्याच मशिनींवर. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना कामगारांनी सहकारी करून चालवला पण 1983 ला तोही बंद पडला. कारखाना बंद झाला की नुसतं उत्पादन थांबत नाही, शिल्लक पार्ट विकले जातात, ड्रॉइंग कुणाकडे, डाय कुणाकडे असं सगळं विखुरतं. आज जे मिळतं ते तीन प्रकारचं: त्या काळचं न वापरलेलं, जे दरवर्षी कमी होतंय, मूळ ड्रॉइंगवरून नव्याने बनवलेलं, आणि हातात आलेला एखादा जुना पार्ट मोजून केलेलं, ज्याला पॅटर्न पार्ट म्हणतात. तिसऱ्यात सगळ्यात जपावं लागतं, कारण मोजलेला पार्ट आधीच झिजलेला असेल तर त्याची झीज पण कॉपी होते. व्हॉल्व्ह गाईड आणि कॅम याबाबतीत मी फार घाबरतो.

उलट उदाहरण बुलेटचं आहे. 350 बुलेटचं 70 बाय 90 चं इंजिन इंग्लंडमध्ये रेडिचला जन्मलं, 1955 ला मद्रासला त्याच गाडीचं काम सुरू झालं, आणि इंग्लंडमधली कंपनी 1970 ला संपली तरी मद्रासला तीच गाडी पुढे कितीतरी दशकं निघत राहिली. त्यामुळे 1950 च्या दशकातली इंग्लिश बुलेट आज चालू ठेवायला भारतात बनलेले बरेच पार्ट कामी येतात. सगळे नाही हां, मधे मधे बारीक बदल झालेले आहेत, मोजूनच घ्यावं. पण एखादं इंजिन इतकी वर्षं सलग बनत राहणं हे त्या मालकांचं केवढं मोठं नशीब आहे.

झिजलेली बोअर मोठी करून घेतली की ओव्हरसाईझचा पिस्टन लागतो, त्याचा पण असाच दोन भाषांचा घोळ आहे. ब्रिटिश पिस्टन 20 थाऊ, 40 थाऊ असे वाढत जातात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि जपानी 0.25, 0.50, 0.75, 1.00 मिमी असे. पिस्टनच्या डोक्यावर नुसतं 50 कोरलेलं असेल तर ते अर्धा मिमी, आणि 020 असेल तर ते 0.508 मिमी. आठ मायक्रॉनचा फरक म्हणजे काहीच नाही वाटेल, पण पिस्टन आणि बोअरमधली फटच मुळात काही शतांश मिमीची असते. म्हणून आधी पिस्टन हातात घ्यायचा, मायक्रोमीटरने मोजायचा आणि मगच बोअर करायला ब्लॉक द्यायचा, उलटं कधीच नाही.

जपान्यांनी मात्र पार्ट नंबरमध्ये शिस्त आणली त्याबद्दल मला खरंच आदर वाटतो. होंडाचा 13101-300-000 हा नंबर बघा. पहिले पाच आकडे सांगतात की हा स्टँडर्ड पिस्टन, मधले तीन सांगतात की तो मुळात कुठल्या मॉडेलसाठी केला, इथे 300 म्हणजे सीबी 750. पहिला गट 13102 झाला की तोच पिस्टन पाव मिमी मोठा. म्हणजे दुसऱ्याच मॉडेलच्या पार्ट बुकमध्ये मधला आकडा तुमच्या गाडीचा दिसला तर समजायचं की तो पार्ट कंपनीने स्वतःच दोन्हीकडे वापरलाय, आणि मग शोधायची जागा एकदम दुप्पट होते. ट्रायम्फमध्ये असं नाही, तिथे इंजिनचे जुने नंबर ई अक्षराने सुरू व्हायचे आणि नंतर त्याच ई च्या जागी 70 आलं, आकडा तोच, त्यामुळे जुन्या पुस्तकातला नंबर शोधून सापडला नाही तर आधी ई काढून 70 लावून बघा, बऱ्याचदा पार्ट तिथेच पडलेला असतो.

आणि बेअरिंगसाठी तर गाडीचं नावसुद्धा घेऊ नका. बाहेरच्या रिंगवर 6204 लिहिलंय तर आतला व्यास 20, बाहेरचा 47, रुंदी 14 मिमी, जगात कुठेही. क्रँकसाठी घेत असाल तर पुढे सी3 आहे का तेवढं बघा, इंजिन तापल्यावर गोळ्यांना जागा लागते.