नाव लंडनचं, ठसा बर्मिंगहॅमचा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या रस्त्यांवर वाटमाऱ्यांची भीती असे, म्हणून घोडागाडीने जाणारे प्रवासी कोटाच्या खिशात छोटं चकमकीचं पिस्तूल बाळगत. तशी पिस्तुलं आज संग्राहकांकडे बऱ्यापैकी टिकून आहेत. बहुतेकांच्या एका अंगावर कुणाचं तरी नाव कोरलेलं असतं, दुसऱ्या अंगावर ‘लंडन’. नवा संग्राहक आधी तेच वाचतो. माझ्या मते ते नाव सगळ्यात शेवटी वाचावं.

आधी यंत्र बघावं. पिस्तुलाच्या घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच पुढे झेपावणाऱ्या भागाच्या, जबड्यात चकमकीचा दगड आवळलेला असतो. चाप ओढला की दगड समोरच्या पोलादी पात्यावर आपटतो, पातं मागे उलटतं आणि ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर (पेट घ्यायला ठेवलेल्या चिमूटभर दारूवर) पडतात. रंजक पेटलं की त्याची ज्वाळा बारीक भोकातून नळीतल्या बंदुकीच्या दारूपर्यंत पोचते. ठिणगी दगडातून निघते असं आपण धरून चालतो, पण जळतं ते पोलाद. दगड पात्यावरून सूक्ष्म कण खरवडतो, ते घर्षणाने तापतात आणि हवेतल्या ऑक्सिजनमध्ये पेट घेतात. त्यासाठी पात्याचा पृष्ठभाग कडक हवा. मऊ लोखंडाचं पातं कोळशाच्या भुकटीत बंद करून लालभडक तापवलं की कार्बन वरच्या थरात मुरतो, मग पाणी देऊन तो थर कडक करत. आतलं लोखंड मऊच राहतं, त्यामुळे घाव बसून पातं तडकत नाही. दारूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा (पोटॅशियम नायट्रेट या क्षाराचा), आणि तो सोरा इंग्लंडला मोठ्या प्रमाणात बिहारमधून जात असे.

खिशातल्या पिस्तुलाची अडचण वेगळी होती: बाजूला आलेला घोडा कापडात अडकायचा. म्हणून ‘बॉक्सलॉक’ रचनेत घोडा मधोमध घेतला आणि कळा (घोडा उडवणारे यंत्राचे भाग) धातूच्या पेटीत बसवल्या. काहींचा चापही दुमडून आत जाई. नळी पुष्कळदा फिरवून काढता येई आणि गोळी मागच्या बाजूने बसवत. ही गोळी नळीच्या पोकळीपेक्षा किंचित मोठी असल्याने घट्ट बसे, वायू कडेने निसटत नसे. अशा नळीच्या तोंडाशी आत चांदणीसारख्या खाचा दिसतात. त्या पाहून नळीला गोळीला फिरकी देणारे आटे आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या खाचा फक्त नळी फिरवण्याची किल्ली बसण्यापुरत्या असतात.

आता कारागीर. बर्मिंगहॅमच्या आसपास हा धंदा कमालीचा वाटलेला होता. नळी करणारा एक, कळा घडवणारा दुसरा (जवळचं डार्लॅस्टन त्यासाठीच नावाजलेलं), लाकडाचा दस्ता बसवणारा तिसरा, कोरीवकाम करणारा चौथा. ज्याचं नाव वर येई तो बहुधा दुकानदार, आणि ‘लंडन’ लिहिलं की भाव वाढे. हेन्री नॉक, ड्यूर्स एग यांच्यासारखे लंडनचे खरे नामवंत बंदूककार होतेच. त्यांच्या नावाला बाजार होता म्हणूनच नकलाही झाल्या. बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनीही इंग्रजी घाटाची, इंग्रजी नावांची पिस्तुलं भरपूर केली.

म्हणून नळी उलटी करून खालचे ठसे पाहावेत. जास्त दारू भरून नळी उडवून पाहायची आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारायचा, अशी ही चाचणी. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीचे (त्यांच्या व्यवसायसंघाचे) ठसे म्हणजे मुकुटाखाली ‘व्ही’ आणि मुकुटाखाली गुंफलेली ‘जीपी’ अक्षरं. बर्मिंगहॅमचं अधिकृत चाचणीगृह संसदेच्या कायद्याने १८१३ मध्ये आलं. त्याच्या ठशात मुकुट, फुलीसारखे दोन राजदंड आणि ‘बीपीसी’ ही अक्षरं असतात. वर ‘लंडन’ आणि खाली हा ठसा असेल तर नळीची चाचणी कुठे झाली आणि ती कधीनंतर झाली, हे दोन्ही कळतं. अंडाकृतीत ‘ईएलजी’ दिसलं तर पिस्तूल लिएजच्या चाचणीतून गेलेलं. दस्त्याला चांदीचं टोपण असेल तर नशीबच! चांदीच्या शुद्धतेच्या ठशातलं अक्षर दरवर्षी बदले, त्यामुळे थेट साल मिळू शकतं. बर्मिंगहॅमची खूण असलेला जहाजाचा नांगर तिथे दिसला तर ती चांदी १७७३ नंतरची, कारण तिथलं चांदी तपासणारं कार्यालयच त्या वर्षी सुरू झालं.

आणि कृपा करून गंज काढायला पॉलिश पेपर लावू नका. ठसे मिलिमीटरच्या अंशाइतके उथळ असतात आणि सगळा पुरावा त्यांच्यातच असतो. घासून गेलेल्या ठशाबद्दल मात्र धातुशास्त्रात एक दिलासा आहे. ठसा हातोड्याने मारला की दिसणाऱ्या खळग्याखालचे लोखंडाचे स्फटिकही दबतात, वेडेवाकडे होतात. वरचा थर गेला तरी तो दबलेला भाग खाली उरू शकतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा खोडलेले क्रमांक याच आधारावर वाचतात: आम्लयुक्त द्रावण दबलेला भाग वेगळ्या गतीने विरघळवतं आणि अक्षरं उमटतात. पुराण्या वस्तूला आम्ल लावणं घातकच. पण नळी चुंबकित करून तिच्यावर बारीक लोहकण सोडण्याची पद्धत धातू न खाताही तेच काम करू शकते. छिन्नीने कोरलेल्या नावाला हा लाभ क्वचितच मिळतो, कारण कोरताना धातू निघून जातो, खाली फारसा दबत नाही.